आमच्या हॉलसाठी कोणी भांडलं नाही

बँक्वेटच्या कामात एक गोष्ट पक्की: वक्ता कितीही लांबवो, जेवण वेळेवर तयार हवं. दादरच्या केटरिंग कॉलेजात अंगात भिनलेला हा धडा घेऊन मी न्यूझीलंडला आलो आणि ख्राइस्टचर्चच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये कामाला लागलो.

इमारत तशी तरुण, १९९७ची. किलमोर स्ट्रीटच्या पलीकडे १९७२चा टाउन हॉल, आणि दोन्हींना जोडणारा पूल रस्त्याच्या डोक्यावरून जायचा. पाहुण्यांनी इकडे भाषण ऐकावं, तिकडे कार्यक्रमाला जावं, पावसात बूटसुद्धा भिजू नयेत. दिसायला आमचा हॉल अगदी साधा. पण रात्री प्रदर्शनाचे स्टॉल उठवून सकाळी तिथेच गोल टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ आणि दुमडलेले नॅपकिन मांडण्यात जी मजा होती, ती आमची आम्हालाच ठाऊक.

४ सप्टेंबर २०१०च्या पहाटे ७.१चा धक्का बसला. रस्ते रिकामे होते, म्हणून शहर बचावलं. वाटलं, आपल्या वाट्याचं संपलं. त्यानंतर लहान धक्के इतके यायचे, की किचनमध्ये आकडा ओळखायचा खेळच सुरू झाला. भांडी खणखणली की कोणीतरी ओरडायचं, ‘चार पॉइंट दोन!’ मग लगेच भूकंपांची नोंद ठेवणाऱ्या जिओनेटच्या साइटवर खातरजमा.

२२ फेब्रुवारी २०११, मंगळवार. मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद चालू होती. ऑस्ट्रेलियातूनही बरेच सर्जन आलेले. दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी आकडा कोणीच ओरडलं नाही.

फरशी आधी खालून वर आपटली, मग आडवी हलायला लागली. जेवण गरम ठेवायच्या शेफिंग डिशमधलं उकळतं पाणी उसळून बाहेर आलं. प्लेट्सची अख्खी रॅक माझ्यासमोर पुढे झुकली आणि गेली. दिवे गेले. शेफ ओरडला, ‘गॅस!’ मी डिशखालच्या जळत्या डब्यांवर झाकणं टाकत सुटलो. तोल सांभाळायला टेबल धरावं, तर टेबलच पळत होतं. आमच्या छताखालून आम्ही सगळे आपापल्या पायांनी बाहेर पडलो. त्या दुपारी हे किती मोठं होतं, ते बाहेर आल्यावर कळलं.

शहरावर धुळीचा लोट होता. रस्त्यांना भेगा पडून राखाडी चिखल वर येत होता. एव्हन नदीकाठची वाळूची जमीन पाण्यासारखी वाहायला लागली होती. मी माणसं मोजत होतो आणि गळ्यात परिषदेचे बिल्ले अडकवलेले डॉक्टर, जखमी कुठे आहेत ते विचारत, उलट्या दिशेने निघाले होते. पाइन गूल्ड ही पाच मजली इमारत बसली होती. तिच्यात अडकलेल्या एका माणसाचे दोन्ही पाय परिषदेला आलेल्या डॉक्टरांनी तिथेच कापून त्याला जिवंत बाहेर काढलं. हत्यारं कोणती, तर खिशातला चाकू आणि लोखंड कापायची करवत.

रात्री फोन लागला तेव्हा आई म्हणाली, ‘किल्लारीसारखाच का रे?’ आकडा जवळपास तोच, ६.३. पण १९९३ला किल्लारीत लोक पहाटे झोपेत होते, डोक्यावर दगडमातीच्या भिंती. आमच्याकडे १८५ माणसं गेली, त्यातली ११५ सीटीव्ही या स्थानिक टीव्ही चॅनेलच्या एकट्या इमारतीत. ती काही जुनीपुराणी नव्हती, १९८०च्या दशकातली होती. इमारत नवी म्हणून खात्री, हे माझ्या डोक्यातून तेव्हापासून गेलं ते गेलंच.

शहराचा मधला भाग कुंपणाने बंद झाला. माझ्या घराच्या किल्ल्या लॉकरमध्येच अडकल्या. त्या रात्री स्वतःच्या घरात खिडकीतून शिरलो. आता लोक सहज म्हणतात, सेंटर भूकंपात पडलं. पडलं नाही हो! पाहुणे आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत ते उभं होतं, त्यानंतरही उभं होतं. २०१२मध्ये मशिनांनी पाडलं.

कॅथीड्रलसाठी लोक कोर्टात गेले. टाउन हॉलसाठी सभा झाल्या, पत्रं गेली; त्याच्या बाजूने लिहून देणाऱ्यांत मीही होतो. तिथला आवाज जगात नावाजलेला, तो वाचायलाच हवा होता, आणि वाचला: २०१९मध्ये दुरुस्त होऊन उघडला. नदीकाठी ‘ते पाइ’ नावाचं नवं कन्व्हेन्शन सेंटर २०२१च्या डिसेंबरमध्ये उभं राहिलं, १४०० खुर्च्यांच्या प्रेक्षागृहासकट. किचन तर झकास आहे. पण आमच्या जुन्या हॉलसाठी कोणी एक ओळ लिहिली असेल, तर ती माझ्या वाचनात नाही. तिथे कोणाचं गाणं गाजलं नव्हतं, कोणाचं लग्न लक्षात राहिलं नव्हतं. लोक बाहेरगावचे यायचे, बिल्ला लावायचे, जेवायचे आणि विमान पकडायचे.