आठ एफ

सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हाच कळलं की शनिवार गेला. क्लायंटचा सर्व्हर रात्री पॅनिक होऊन, म्हणजे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) हात टेकून, रीबूट झालेला, आणि आठवड्यातली ही तिसरी वेळ. त्या सर्व्हरमध्ये आमचं कार्ड आहे, डेटा कॉम्प्रेस करणारं, स्लॉटमध्ये बसणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, ते चालवणारा लिनक्स ड्रायव्हर आमची टीम लिहिते, त्यामुळे स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे पडताना कुठला कोड चालू होता त्या यादीत, आमच्या ड्रायव्हरचं नाव दिसलं की फोन आम्हालाच येतो. म्हटलं व्हीएमकोअर, म्हणजे क्रॅश डंपची फाइल, पाठवा, घरून बघते. तर नाही. क्रॅश डंप म्हणजे मेमरीची कॉपी, त्यात त्यांच्या ग्राहकांचा डेटा असू शकतो, तो बिल्डिंगच्या बाहेर जाणार नाही. आता यावर काय बोलणार, बरोबरच आहे त्यांचं. नाश्ता न करताच पुण्याहून निघाले ते नवी मुंबईत महापे गाठायला साडेदहा वाजले, घाटात ट्रक अडकले होते.

डेटा सेंटरमध्ये आत गेल्यावर तिथल्या ऑन-कॉल मुलाने आधी स्वतःचं जॅकेट काढून दिलं, म्हणाला मॅडम आत फार थंडी असते. मग टेबलावर बसून डंप वाचायचं क्रॅश टूल उघडलं.

लॉगमध्ये शेवटी सॉफ्ट लॉकअप, अमुक सीपीयू २२ सेकंद अडकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कर्नलमध्ये एखादा थ्रेड (कामाचा एक धागा) सीपीयू धरून बसला आणि साधारण २० सेकंद सोडलाच नाही तर वॉचडॉग बोंब मारतो, आणि या लोकांनी 'अशी बोंब आली की सरळ पॅनिक कर' असं सेटिंग ठेवलेलं. पण मला खटकलं ते अडकलेल्या थ्रेडचं नाव. नावाच्या शेवटी पीसीआयई-डीपीसी. म्हणजे काम करता करता नाही अडकलं, कार्डाची एरर निस्तरताना अडकलं. पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये गेला म्हणा ना.

आता डीपीसी, डाउनस्ट्रीम पोर्ट कन्टेनमेंट, म्हणजे काय ते सांगायलाच पाहिजे कारण सगळी गोम त्यातच आहे. पीसीआय एक्सप्रेसवर एरर तीन प्रकारच्या. करेक्टेबल असली तर हार्डवेअर स्वतःच पॅकेट परत पाठवून मोकळं होतं, आपल्याला फक्त लॉगमध्ये एक ओळ. उरलेल्या दोन अनकरेक्टेबल, नॉन-फेटल आणि फेटल. फेटल म्हणजे लिंकवरच, सर्व्हर आणि कार्डामधल्या जोडणीवरच, भरवसा राहिला नाही. अशा वेळी कर्नल त्या लिंकखालच्या प्रत्येक ड्रायव्हरला आधी कळवतो की बाबा एरर आली, हात आवर, मग लिंक रीसेट करतो, मग सांगतो की स्लॉट रीसेट झाला, कार्ड परत उभं कर, आणि शेवटी सांगतो की चालू पडा. लिनक्समध्ये ही पद्धत २००६ च्या सुमारास आली, आयबीएमच्या पॉवर मशीनवर असलं काहीतरी आधीपासून होतं त्यावरून. डीपीसी ही त्यातली पुढची पायरी. ज्या पोर्टला (लिंकच्या सर्व्हरकडच्या टोकाला) डीपीसी आहे तो पोर्ट अनकरेक्टेबल एरर दिसताच कुणाला न विचारता लिंक स्वतःच पाडतो, खराब डेटा पुढे जाऊच नये म्हणून. सॉफ्टवेअरला कळतं ते नंतर.

म्हणजे आमच्या ड्रायव्हरला 'एरर आली' असा निरोप मिळतो तोपर्यंत कार्ड तोडून टाकलेलं असतं.

आणि आमचा ड्रायव्हर निरोप मिळाल्यावर काय करत होता? कार्ड थांबवायचं जे नेहमीचं फंक्शन आहे, ड्रायव्हर अनलोड करताना वापरतो ते, तेच इथे बोलावलेलं. ते कार्डाला स्टॉपचा बिट लिहितं आणि स्टेटस रजिस्टर, म्हणजे कार्ड आपली स्थिती जिथे मांडतं ती छोटी जागा, वाचत बसतं, बिझी बिट शून्य होईपर्यंत. टाइमआउट नाही. रिव्ह्यू मीच दिला होता त्याला, खोटं कशाला बोलू.

लिंक पडलेली असताना रजिस्टर वाचलं तर 'उत्तर नाही' असं काही मिळत नाही हो, सगळे बिट एक येतात. ३२ बिटांचं रजिस्टर हेक्समध्ये लिहिलं तर आठ एफ, चार एक मिळून एक एफ. मेलेल्या माणसाला काहीही विचारा, तो हो म्हणतो. तयार आहेस का, हो. एरर आहे का, हो. बिझी आहेस का, हो. डिसअसेंब्ली (कोडचं मशीनच्या भाषेतलं रूप) काढली, लूपमध्ये व्हॅल्यू सीपीयूच्या कुठल्या रजिस्टरमध्ये येते ते शोधलं, आणि पॅनिकच्या वेळी तिथे काय होतं ते बघितलं तर आठ एफ. तो मुलगा मागे उभा होता, त्याला दाखवलं, म्हणाला मॅडम हे तर सगळं भरलेलं दिसतंय. म्हटलं हो ना, तिथेच तर फसलो.

मग प्रश्न हा की आमच्या लॅबमध्ये टेस्ट पास कशी होत होती? दर रिलीजला एरर इंजेक्ट करून रिकव्हरी तपासतो आम्ही. उत्तर आठवलं आणि कपाळावर हात मारला. इंजेक्ट केलेली एरर खोटी असते, कर्नलला वाटतं एरर आली पण कार्ड बिचारं धडधाकट असतं. त्याला थांब म्हटलं की थांबतं, बिझी बिट शून्य होतो, रिकव्हरी सक्सेसफुल. वर लॅबचा सर्व्हर जुना, त्याच्या पोर्टला डीपीसी नाहीच. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जिवंत कार्डावर मरणाची रंगीत तालीम करत होतो.

फिक्स छोटा होता. निरोप आला आणि चॅनल फ्रोझन (कार्डाशी बोलणं बंद) आहे म्हणून सांगितलं असेल तर कार्डाला हातच लावायचा नाही, आपल्या बाजूच्या रांगा बंद करायच्या, अडकलेल्या रिक्वेस्ट एरर देऊन परत करायच्या आणि कर्नलला म्हणायचं रीसेट पाहिजे. शिवाय जिथे जिथे असा लूप आहे तिथे वेळेची मर्यादा, आणि आठ एफ आले की बाहेर. दीडपर्यंत बिल्ड झाला. त्यांच्याकडे तशाच मॉडेलचा एक रिकामा सर्व्हर होता, आणि त्याच्या पोर्टला डीपीसी सॉफ्टवेअरने ट्रिगर करायची सोय होती, कंट्रोल रजिस्टरमध्ये एक बिट लिहिला की लिंक खरोखर पडते. लिहिला. कन्टेनमेंट इव्हेंट, एरर डिटेक्टेड, स्लॉट रीसेट, आणि शेवटी 'डिव्हाइस रिकव्हरी सक्सेसफुल'. कार्ड परत कामाला लागलं, मशीन ढिम्म हललं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्या मुलाने खालून वडापाव आणले होते, म्हटलं आता खाऊ.

तोंडात घास असताना तो म्हणतो, मॅडम परत एकदा करा ना, मला व्हिडिओ काढायचाय.

केलं. रिकव्हरी फेल्ड.

तिसऱ्यांदा करायचं तर कार्डच राहिलं नव्हतं, मशीन रीबूट केलं. रीबूटनंतर पहिल्यांदा पास, दुसऱ्यांदा फेल. पुन्हा रीबूट, पुन्हा तेच. वडापाव तसाच राहिला. खरं सांगते, पहिल्या बगपेक्षा हा मला जास्त आवडला. लिंक रीसेट झाली की कार्ड सगळं विसरतं, त्याचा ॲड्रेस काय, त्याला मेमरीत लिहायची परवानगी आहे का, सगळं कोरं. म्हणून ड्रायव्हर सुरुवातीला कॉन्फिगरेशन सेव्ह करून ठेवतो आणि स्लॉट रीसेटमध्ये रिस्टोअर करतो. आमचा करत होता. पण त्या कर्नलमध्ये रिस्टोअर एकदा झालं की सेव्ह केलेली प्रत वापरली गेली असं धरतात, खूण पुसून टाकतात, आणि परत सेव्ह केलं नाही तर पुढच्या वेळी रिस्टोअरचं फंक्शन गुपचूप काही न करता परत येतं. एररसुद्धा नाही देत! त्यामुळे दुसऱ्या वेळी कार्ड कोरंच राहिलं, ॲड्रेस शून्य, आणि वाचायला गेलो की पुन्हा आपले आठ एफ. रिस्टोअरच्या खाली सेव्हची एक ओळ. बास. बाकीच्या ड्रायव्हरांमध्ये ती ओळ बघितलेली कितीदा, मला वाटायचं उगाच लिहितात.

मग ट्रिगर लूपमध्ये टाकला, दोनशे वेळा, आणि तो चालू असताना खऱ्या सर्व्हरकडे गेलो. त्याच्या करेक्टेबल एररचे आकडे सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतो तिथे) बघितले तर बॅड टीएलपी (खराब पोचलेली पॅकेट) आणि रीप्ले टाइमआउट (वेळेत पोचपावतीच नाही) हजारोंनी, म्हणजे लिंक कितीतरी दिवस कुरकुरत होती आणि कुणी बघत नव्हतं कारण करेक्टेबल म्हणजे झाली ना करेक्ट. कार्ड रायझरवर, म्हणजे मधल्या एका छोट्या बोर्डावर, बसवलेलं, रायझर एका बाजूने किंचित वर आलेला. तिथल्या टेक्निशियन काकांनी नुसता दाबून बसवला नाही, नवीनच घातला, जुना पिशवीत घालून माझ्या हातात दिला, तुमच्या लॅबला उपयोगी पडेल म्हणाले.

पडला. आता तो आमच्या नवीन टेस्ट सर्व्हरमध्ये आहे, मुद्दाम थोडा वर उचललेला, आणि रोज रात्री ड्रायव्हर त्याच्यावर मार खातो. आणि महाप्याच्या त्या मशीनवर रायझर बदलल्यापासून एकही एरर नाही, म्हणजे ज्याच्यासाठी शनिवार घातला तो कोड तिथे अजून एकदाही चाललेला नाही.