इंजिन माझेच आहे, हे दाखवून देताना

हौशी प्रोग्रामरांच्या एका संगणक-बुद्धिबळ स्पर्धेसाठी मी माझे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, पाठवले, तेव्हा आयोजकांनी सोर्स कोड, त्याचा गिटमधील (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतील) सारा इतिहास आणि मूल्यांकनातील, म्हणजे पटावरील स्थितीला गुण देताना वापरलेले, आकडे कोठून आले याचा लेखी खुलासा मागितला. मला ही मागणी जाचक वाटली नाही. रिब्का हे इंजिन फ्रूट या दुसऱ्या इंजिनाच्या खुल्या कोडवर बेतलेले आहे, असा निष्कर्ष काढून आयसीजीए या संगणक-बुद्धिबळाच्या विश्वस्पर्धा भरवणाऱ्या संघटनेने २०११ मध्ये त्याची २००७ ते २०१० ही चारही विश्वविजेतेपदे रद्द केली होती; त्यानंतर आयोजकांनी सावध राहणे साहजिकच आहे.

आधी साम्यचाचणी झाली. तिच्यात इंजिनापुढे हजारो स्थिती ठेवतात, प्रत्येकीसाठी सेकंदाच्या अंशाइतकाच वेळ देतात आणि त्याने निवडलेल्या चाली इतर इंजिनांशी किती टक्के जुळतात ते पाहतात. जेथे एकच चाल उघडपणे सरस असते तेथे सगळीच इंजिने तीच खेळतात, त्यामुळे खरी परीक्षा दोन-तीन चाली जवळपास तुल्यबळ असलेल्या स्थितींतच होते, कारण इंजिनाची आवडनिवड तेथे दिसते. माझे इंजिन एका खुल्या इंजिनाशी बरेच जुळले. दोघांनीही पेस्टोचे प्रसिद्ध तक्ते, म्हणजे कोणत्या घरावर कोणत्या मोहऱ्याला किती गुण, हे आरंभबिंदू म्हणून घेतले होते, आणि माझ्या कोडमध्ये तशी नोंदही होती.

परीक्षकांनी अल्फा-बीटा (निरुपयोगी शाखा न तपासणे) किंवा नल मूव्ह (एक चाल सोडून पाहणे) या चाली शोधण्याच्या तंत्रांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, आणि ते योग्यच होते, कारण ती तंत्रे सर्वांचीच आहेत. त्यांचा सगळा रोख आकड्यांवर होता: उंटांच्या जोडीला एवढाच बोनस का, तो कोणत्या डावांवरून ठरवला, मधल्या आवृत्त्यांत तो किती होता? टक्केवारीवरून फक्त संशय घेता येतो. निवाडा अशा तपशिलांवर होतो, असे माझे मत आहे. रिब्काच्या प्रकरणातही वेळेच्या हिशेबात पूर्णांकाची ०.० शी केलेली, फ्रूटच्या कोडमधून आलेली वाटणारी अनावश्यक तुलना पुरावा म्हणून पुढे आली होती (आणि तिच्यावर वादही पुष्कळ झाला).

शेवटी मी तक्ते शून्यावर आणून केवळ मोहऱ्यांच्या मूल्यांपासून, इंजिनाच्या स्वतःशीच झालेल्या डावांवर, टेक्सेल पद्धतीने (मूल्यांकन डावांच्या निकालांशी जुळेल असे आकडे शोधून) सारे आकडे पुन्हा जुळवले. साम्य घटले आणि प्रवेश मिळाला.

पुढील आवृत्तीत मी एनएनयूई, म्हणजे स्थितीचे मूल्यांकन करणारे छोटे न्यूरल नेटवर्क, वापरणार आहे. न्यूरल नेटवर्कमधील भार, म्हणजे प्रशिक्षणातून ठरलेले आकडे, कोडप्रमाणे ओळीओळीने वाचता येत नाहीत, म्हणून आतापासूनच प्रशिक्षणाच्या प्रत्येक डावसंचाचा उगम नोंदवून ठेवतो आहे.