शिपाई नसला की पाणी नाही

येत्या विद्यार्थी दिवसाला वर्गावर्गांत डॉ. आंबेडकरांचं बालपण सांगितलं जाईल आणि शेवटी 'एवढं सोसलं म्हणून ते घडले' असं वाक्य येईल. ते वाक्य कृपा करून गाळा. तेवढंच सोसलेली असंख्य मुलं शाळेतून गळाली.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचं नाव दाखल झालं. बसायला घरून आणलेलं गोणपाट. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा; शिपाई नसला की पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी गणित सोडवायला बोलावलं, तर फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून मुलं ते हलवायला धावली. संस्कृत नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जाताना पाण्याचा प्रश्न त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता.

पण प्रश्न अंगावर येणं वेगळं आणि तो पेलण्याची ताकद येणं वेगळं. ती माणसांमुळे आली. परळच्या एका खोलीत रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी लेकींकडून उसने पैसे आणत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे दुसऱ्याच शाळेतले शिक्षक. बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, पुस्तकं दिली, आणि पुढे पैशांअभावी कॉलेज अडलं तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

आपल्या हातात याच गोष्टी आहेत. बाकांची रांग दर सोमवारी बदला. फळ्यापाशी बोलवायचं ते हजेरीच्या क्रमाने, नाहीतर नजर त्याच चार-पाच हुशार मुलांवर जाते. आहाराची पंगत बसते तेव्हा स्वतः तिथे थांबा; कोण कुणाशेजारी बसायचं टाळतं, ते वर्गात दिसत नाही.

शिष्यवृत्तीचं काम जूनमध्येच काढा. अर्ज बहुतेक वेळा कागदांवर अडतात: शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला जुना असतो, बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. जातीच्या दाखल्यासाठी वडील-आजोबांचा जुना पुरावा शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करा. आणि 'शिष्यवृत्तीवाली मुलं उभी राहा' असं भर वर्गात कधीही म्हणू नका. ज्याला बोलवायचं त्याला मधल्या सुट्टीत एकेकटं बोलवा.