रॅपिअर येण्याआधी

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून माग घेणं हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलंय. पण शटलचा, म्हणजे धोट्याचा माग काढून रॅपिअर, म्हणजे धोट्याशिवाय बाणा (आडवा धागा) ओढणारा वेगवान माग बसवायचा म्हटलं की सगळी शेड बदलावी लागते. कारखानदार मला फोन करतात ते कर्ज मंजूर झाल्यावर, पाया कधी ओतायचा हे विचारायला. माझा पहिला प्रश्न असतो, बीम कुठल्या सायझिंगचा? बीम म्हणजे ताण्याचे, उभे धागे गुंडाळलेला रूळ आणि सायझिंग म्हणजे त्या धाग्यांना खळ लावणारा कारखाना.

साधा माग मिनिटाला 120-150 पिकं (आडवे धागे) टाकतो, चांगला रॅपिअर 400 च्या पुढे जातो. साध्या मागावर खपून जाणारं केसाळ सूत इथे सारखं तुटतं. धाग्यावर टांगलेली पत्री, म्हणजे ड्रॉपर पडतो, दिवा लागतो, माग उभा. लाखोंचं मशीन उभं राहतं ते खळ नीट न बसल्यामुळे.

त्याहून अवघड गोष्ट मजुरीची. आपल्याकडे ती पिकावर आणि मीटरवर. तोच दर रॅपिअरला लावला की पगाराचा आकडा बघून मालक दर पाडतो आणि विणकराला वाटतं, आपल्याला फसवलं. त्याचं वाटणं मला रास्त वाटतं. म्हणून माग यायच्या आधीच दोघांना समोरासमोर बसवतो. पाळीचा पगार ठरवायचा, त्यावर उत्पादनाचा बोनस, आणि सुतामुळे झालेल्या थांब्याचा भुर्दंड विणकराला नाही, हे लिहून घ्यायचं. रॅपिअर थेट कोनवरून (सुताच्या मोठ्या गुंडाळीवरून) बाणा घेतो, म्हणजे शटलसाठी कांडी भरणाऱ्या मावशींचं काम जातं. त्यांना कापड तपासणीवर घ्यायचं, तेही त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. नंतर कुणाला आठवत नाही.

मागाच्या स्क्रीनवर थांब्यांचा आकडा येतो, ताणा की बाणा तेही कळतं, पण नेमकं कुठे आणि का ते विणकर सांगतो. म्हणून प्रत्येक मागाला एक वही टांगतो. एका शेडमध्ये एकाच मागाच्या वहीत पानभर ‘ताणा, डावी कड’ असं लिहिलेलं होतं. जॉबरने (माग दुरुस्त करणाऱ्याने) बीम उतरवून पाहिला तर त्या बाजूची फ्लँज, म्हणजे टोकाची चकती वाकलेली. सेटिंगशी झगडत बसायची वेळच आली नाही.

आता एका शेडमध्ये आठ माग यायचेत. मालकाला आठही एकदम हवेत. मी दोनच आधी बसवा म्हणालोय, आणि त्यांच्या वह्या महिनाभर वाचून मग बाकीच्यांचा पाया ओतायचा.