तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सफर्ड की केंब्रिज?

लंडनला येणारं प्रत्येक मराठी कुटुंब मला हा प्रश्न विचारतं. हातात एकच मोकळा दिवस आहे, ऑक्सफर्डला जाऊ की केंब्रिजला? माझं उत्तर केंब्रिज. खाली थोडे अपवाद सांगते, पण आधी केंब्रिजच का ते सांगते.

दोन्हीकडे आल्यावर पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं, पण युनिव्हर्सिटी कुठेय?" एक मोठं गेट, त्यावर पाटी, आत कॅम्पस असं काही नाहीच इथे. तीसेक कॉलेजं गावभर पसरलेली आणि ती सगळी मिळून युनिव्हर्सिटी. ऑक्सफर्डमध्ये ही कॉलेजं उंच दगडी भिंतींच्या आड असतात आणि बाहेर बसगाड्या, ट्रॅफिक, हाय स्ट्रीटवरची गर्दी, म्हणजे तिकीट काढून आत गेलात तर दिसणार, नाहीतर भिंत बघून परत. केंब्रिजमध्ये मात्र कॅम नदी कॉलेजांच्या मागच्या अंगणातूनच जाते, त्या भागाला बॅक्स म्हणतात, आणि पंटमध्ये म्हणजे त्या सपाट लांब होडीत बसलात की किंग्ज, क्लेअर, ट्रिनिटी, सेंट जॉन्स सगळी पाऊण तासात ओळीने समोरून जातात. गुडघे दुखणारे आईबाबा बरोबर असतील तर याच्यासारखी सोय नाही, बांबू मारायला कॉलेजची पोरं असतात आणि वर गप्पाही मारतात (त्यातल्या निम्म्या खऱ्या मानायच्या).

किंग्जच्या चॅपलचं तिकीट महाग वाटतं, तरी काढा. 1446 ला सुरू झालेलं बांधकाम 1515 पर्यंत चाललं, आणि वरचं पंख्यासारखं उलगडलेलं दगडी छत बघताना मान दुखेपर्यंत लोक वरच बघत राहतात. टर्म चालू असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला बसता येतं, ते फुकट असतं आणि तिथली गाणारी मुलं जगात नावाजलेली आहेत.

बाहेरच्या हिरवळीवर पाय ठेवू नका, तो मान फक्त फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ अभ्यासक-सदस्यांचा. इथे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगते की आपले जयंत नारळीकर किंग्जचे फेलो होते, म्हणजे त्यांना त्या गवतावरून बिनधास्त चालता यायचं. शेजारीच सीनेट हाउस, तिथे गणिताच्या ट्रायपॉसचे, म्हणजे इथल्या डिग्री परीक्षेचे, निकाल वाचले जायचे. पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर आणि त्यात पहिला तो सीनियर रँग्लर. 1899 साली तो मान विभागून मिळाला आणि त्यातले एक होते दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे, कॉलेज सेंट जॉन्स. पुण्यात आपण रँग्लर परांजपे म्हणतो ते हेच. रामानुजन ट्रिनिटीत होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण मुर्डीचा मुलगा म्हटलं की बाबा लोक एकदम ताठ उभे राहून फोटो काढून घेतात!

आता अपवाद. पाऊस धो धो असेल तर सरळ ऑक्सफर्ड. ॲशमोलियन म्युझियम 1683 पासूनचं, फुकट, आणि अख्खा दिवस आत काढता येतो. पिट रिव्हर्सही फुकट, तिथे जगभरच्या वस्तू कपाटांत इतक्या खच्चून भरल्यात की मुलं कंटाळत नाहीत. केंब्रिजला फिट्झविल्यम म्युझियम आहे, चांगलंच आहे, पण पावसात होडीची सगळी मजा जाते. मुलं हॅरी पॉटरवेडी असतील तरी ऑक्सफर्डच, क्राइस्ट चर्च कॉलेजचा जिना आणि बॉडलियन लायब्ररीतलं डिव्हिनिटी स्कूल नावाचं जुनं दालन दोन्ही सिनेमात आहेत, मग केंब्रिजचं नावही काढू नका, ऐकणार नाहीत.

आणि घरात कोणी मुलगी लॉ करत असेल तर तिला सॉमरव्हिल कॉलेज दाखवा. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी 1889 ला तिथे आली, 1892 ला कायद्याची परीक्षा दिली आणि डिग्री हातात पडायला 1922 उजाडलं, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना डिग्रीच देत नव्हतं. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे, तिच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती आहे, तोही बघून घ्या, बहुतेक टूरवाले दाखवत नाहीत.

दोन्ही एका दिवसात करू नका, कृपा करून. दोन्ही गावांमधली थेट रेल्वे 1967 च्या अखेरीस बंद झाली, नवीन मार्गाचं काम चालू आहे, पण आज तरी तुम्हाला रेल्वेने लंडनवरूनच फिरून जावं लागेल. दोन्ही दाखवतो म्हणणाऱ्या बस टूर असतात, त्यात दिवस बसमध्येच जातो.

केंब्रिजला किंग्ज क्रॉसवरून गाडी पकडा, पाऊण-एक तास. लिव्हरपूल स्ट्रीटवरूनही जाते पण हळू. स्टेशन गावापासून लांब आहे, आईबाबांना चालवू नका, बस घ्या. ऑक्सफर्डसाठी पॅडिंग्टन किंवा मेरिलबोन, तिथलं स्टेशन जवळ आहे. आणि एप्रिल ते जूनमध्ये येत असाल तर आधी कॉलेजच्या साइटवर बघा, परीक्षांमुळे केंब्रिजची बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात आणि गेटवरचे पोर्टर कितीही गोड बोललात तरी आत सोडत नाहीत.