प्लेस्टेशन २ चे सॉफ्टमॉड: आधी प्रती, मग बाकीचे

फोंड्याच्या आमच्या घरातील प्लेस्टेशन २ अजून चालतो. मात्र इथल्या दमट हवेत काही डिस्कवर बुरशीचे ठिपके उमटले आहेत आणि लेझर अधूनमधून वाचताना अडखळतो. सोनीने २००० साली आणलेल्या या कन्सोलचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यामुळे लेझर निकामी होण्याआधी सॉफ्टमॉड करून घेण्याचे, म्हणजे यंत्र न उघडता केवळ सॉफ्टवेअरच्या जोरावर गेम डिस्कशिवाय चालतील अशी सोय करण्याचे, मी ठरवले आहे. पण कन्सोलला हात लावण्याआधी गेमच्या प्रती काढायच्या, या क्रमाबाबत मी आग्रही आहे.

प्रती संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवरच निघतात, त्यासाठी कन्सोलची गरज नाही. डिस्क मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची, गोल फिरवून नव्हे. चंदेरी डिस्क डीव्हीडी असते आणि तिची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधील प्रत) होते. निळ्या तळाची डिस्क म्हणजे सीडी, ती वेगळी ओळखून ठेवावी. फाइल तयार झाली की तिची एमडी५ बेरीज (फाइलमधील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) रीडम्प या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहायची, कारण प्रत पूर्ण झाल्याचा संदेश आला तरी ती बिनचूक असतेच असे नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत काढू देते. म्हणून मी फक्त स्वतः विकत घेतलेल्या मूळ डिस्कच घेणार आहे. बाजारातल्या नकली डिस्क आणि इंटरनेटवरून उतरवलेले गेम या योजनेत नाहीत.

सॉफ्टमॉडसाठी मी 'फ्री एमसी बूट' हा मेमरी कार्डावर बसवायचा प्रोग्रॅम निवडला आहे. सुरू होताना कन्सोल मेमरी कार्डवर स्वतःसाठी काही अद्ययावत सॉफ्टवेअर आहे का, हे पाहतो, आणि फ्री एमसी बूट याच सोयीचा उपयोग करून घेते. यंत्र उघडावे लागत नाही, झाळकाम लागत नाही, आणि कार्ड काढले की कन्सोल पहिल्यासारखा. आधी यंत्रावरील मॉडेल क्रमांक मात्र पाहायलाच हवा, कारण ९०००० मालिकेतील उशिराच्या यंत्रांवर हा मार्ग बंद आहे. आमचा स्लिम (पातळ बांध्याचा) कन्सोल ७७००० मालिकेतला असल्याने ती अडचण नाही.

खरा पेच कार्ड तयार करण्याचा आहे. फ्री एमसी बूटची फाइल त्या विशिष्ट कार्डाशी बांधलेली असते, म्हणून संगणकावरून नुसती उतरवून भागत नाही; ती कन्सोलवरच बसवावी लागते, आणि त्यासाठी कन्सोलवर बाहेरचा प्रोग्रॅम चालला पाहिजे. २०२० मध्ये जाहीर झालेली 'फ्री डीव्हीडी बूट' ही युक्ती इथे उपयोगी पडते: कन्सोलच्या डीव्हीडी प्लेयरमधील त्रुटीमुळे साध्या डीव्हीडी-आरवर बर्न केलेली डिस्क थेट चालते. प्लेयरची आवृत्ती जुळली पाहिजे आणि लेझरनेही ती डिस्क वाचली पाहिजे. न वाचल्यास तयार कार्ड मिळवावे लागेल. जुन्या ८ एमबी कार्डावर वर्षानुवर्षांचे सेव्ह (खेळातील प्रगतीच्या नोंदी) आहेत, त्यामुळे त्यावर काहीही न लिहिता नवे कार्ड वापरणार आहे. नंतर यूलाँचएल्फ या कन्सोलवरील फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने ते सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून ठेवीन. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा कार्डावर लिहिताना कन्सोल यूपीएसवरच असेल.

प्रतींवरून गेम चालवण्यासाठी 'ओपन पीएस२ लोडर' हा प्रोग्रॅम आहे. पेनड्राइव्ह सोपा, परंतु कन्सोलचा यूएसबी १.१ पोर्ट इतका संथ आहे की चित्रफिती अडखळतात. स्लिममध्ये नेटवर्क पोर्ट मुळातच असल्याने गेम जुन्या लॅपटॉपवरून केबलने पुरवण्याचे ठरवले आहे. त्याला लागणारा जुना एसएमबी प्रोटोकॉल (नेटवर्कवरून फाइली पुरवण्याची पद्धत) सुरक्षित नाही, म्हणून तो लॅपटॉप घरच्या वायफायला जोडणार नाही. चतुर्थीला चुलत भावंडे जमतील तोवर निदान दोघांनी मिळून खेळायचे गेम तपासून तयार असावेत, अशी इच्छा आहे. बुरशी धरलेल्या डिस्कच्या प्रती मात्र याच आठवड्यात काढायच्या आहेत.