११ शहरांची यादी फाडली आणि एक नदी धरली

जूनमधल्या युरोप ट्रिपचा रूट फायनल व्हायला आम्हाला दोन महिने लागले, आणि शेवटी जे ठरलं त्यात ना पॅरिस आहे, ना रोम, ना स्वित्झर्लंड. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचा चेहरा पडला. म्हणून हे सगळं कसं ठरलं ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सुरुवात सगळ्यांसारखीच झाली. हातात १६ रात्री, जाणारे तिघं, मी, नवरा आणि आई. मी एक शीट उघडली आणि प्रत्येकाने आपापली शहरं टाकली. लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. ११ शहरं! दोन दिवस मी खूप खूश होते, मग बसून हिशोब केला. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं म्हणजे ट्रेन तीन तासांची असली तरी सकाळी बॅगा भरा, चेकआउट करा, स्टेशन गाठा, तिकडे उतरून हॉटेल शोधा, रूम दुपारी तीनशिवाय मिळत नाही, म्हणजे अर्धा दिवस सरळ गेलाच. असे १० वेळा. पाच दिवस नुसते बॅगा ओढण्यात. आणि आईच्या गुडघ्यांचं काय, हा विचार तर शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नव्हता.

लंडन पहिलं गेलं कारण ब्रिटन शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) नाही, त्याचा व्हिसा वेगळा. मग उरलेल्यात शेंगेनचा अर्ज कुठे करायचा हा प्रश्न आला. नियम असा आहे की ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. आमच्या कच्च्या प्लॅनमध्ये प्रत्येक देशाला दोन-तीन रात्री येत होत्या, एक हॉटेल बदललं की अर्जाचा देशच बदलायचा. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्ही खरं तर कुठेच जात नाही आहोत, फक्त सगळीकडून पास होतोय.

वळण आईमुळे मिळालं. तिने तीस वर्षं भूगोल शिकवलाय. एवढे दिवस ती काही बोलली नव्हती, तुम्ही ठरवाल तिथे येते म्हणायची. मी एकदा खोदून विचारलं की आई, यादी सोड, तुला स्वतःला काय बघायचंय, तर पटकन म्हणाली, "डॅन्यूब. एवढी वर्षं फळ्यावर काढली, उगम ब्लॅक फॉरेस्ट, मुख काळा समुद्र, लांबी साधारण २८५० किलोमीटर, दहा देश. एकदा काठावर बसायचंय गं."

मग मी नकाशा उघडला आणि फक्त नदी बघितली, आणि खरं सांगते, सगळं आपोआप जुळत गेलं. नदी एका रेषेत जाते, रेल्वे बरीचशी तिच्या आसपासच जाते, त्यामुळे मागे फिरायचा प्रश्न नाही. म्युनिकला उतरायचं आणि बुडापेस्टहून परत निघायचं, म्हणजे विमानासाठी पहिल्या शहरात परत यायला नको. रेगेन्सबर्ग ३ रात्री, पासाउ २, क्रेम्स २, व्हिएन्ना ५, बुडापेस्ट ४. कुठलाही टप्पा साधारण तीन तासांच्या वर नाही. जर्मनी ५, ऑस्ट्रिया ७, हंगेरी ४, म्हणजे व्हिसा ऑस्ट्रियाचा, विषय संपला. रेल्वे पासही लागत नाही, चारच मोठे प्रवास आहेत, तिकिटं आधी काढली की स्वस्त पडतात. (फ्रान्स-इटलीच्या फास्ट ट्रेनला पास असला तरी रिझर्वेशनचे पैसे वेगळे, हे आधीच्या प्लॅनमध्ये कळलं होतं.)

मला सगळ्यात जास्त ओढ पासाउची लागलीय. तिथे तीन नद्या एकत्र येतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ. इन आल्प्समधून येते, तिचं पाणी हिरवट-दुधट, इल्झ दलदलीच्या जमिनीतून येते म्हणून काळसर, आणि वरच्या किल्ल्यावरून बघितलं की तिन्ही रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, संगम आहे तो, दोन रात्री कमी पडतील. रेगेन्सबर्गला बाराव्या शतकातला दगडी पूल आहे, अजून उभा, आणि चालत पार करता येतो.

नवऱ्याला पटवणं मात्र सोपं नव्हतं. त्याला रोम हवंच होतं, आणि त्याचं चुकीचं नव्हतं. पण तेव्हा ट्रिप जुलैत धरली होती, आणि जुलैच्या उन्हात रोमच्या दगडांवर आईला फिरवायचं हे त्यालाच पटेना. शेवटी त्याने एक अट घातली, व्हिएन्नाला ऑपेरा. तर स्टेट ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो! म्हणून सगळी ट्रिप जूनमध्ये ओढली, म्हणजे व्हिएन्नाचे दिवस ३० जूनच्या आत येतात. उभं राहून बघायची तिकिटं अगदी स्वस्त मिळतात, तो उभा राहील, आम्ही दोघी नदीवर जाऊ. यात माझं एक नुकसान झालं, क्रेम्सजवळच्या वाखाउ खोऱ्यातले जर्दाळू पिकायला जुलै उजाडतो, ते हुकणार. मला त्याचं खरंच वाईट वाटतंय.

व्हिएन्नाबद्दल एक गोष्ट नकाशा नीट बघितल्यावरच कळली. जुन्या शहराजवळून जातो तो कालवा आहे, मुख्य नदी बरीच बाहेर आहे. म्हणून तिथलं हॉटेल मी मेट्रोच्या अगदी जवळ घेतलंय. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा तिथून एका तासावर आहे, तिथे मुक्काम न करता दिवसभर जाऊन येऊ.

आता फक्त बोटीचं राहिलंय. मेल्क ते क्रेम्स हा पट्टा सगळ्यात सुंदर म्हणतात, द्राक्षमळे, पडके किल्ले, जेमतेम ३६ किलोमीटर. प्रवाहाबरोबर खाली आलं तर बोटीला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, उलटं वर गेलं तर जवळजवळ तीन तास. मी अर्थातच खाली येणारी बोट बघत होते, वेळ वाचतो म्हणून. आई म्हणाली, तीच नदी, तेवढेच पैसे आणि एक तास जास्त बसायला मिळतंय तर उलटी का नको? बॅगा क्रेम्सलाच राहतील, वर बोटीने जाऊ, मेल्कचा मठ बघू आणि बसने परत येऊ. काल रात्री क्रेम्स ते मेल्क, तीन तिकिटं काढली.